मुलाला ऐकू येते, पण शब्द कळत नाही

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते सहशिक्षक, बी. ए., बी. एड., दौलताबाद)



पालक-मेळाव्यात शिक्षकाने उभे राहायचे ते पालकांना चार गोष्टी सुनावण्यासाठी, असा एक प्रघात पडून गेला आहे. आज मी तसे करणार नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकीगत सांगण्यासाठी मी उभा आहे. हे भाषण पुढे स्मरणिकेत छापले जाणार असल्याचे मला सांगण्यात आले आहे, तेव्हा जे पालक आज येथे येऊ शकले नाहीत, त्यांनीही ती वाचावी अशी माझी विनंती आहे.

काही वर्षांपूर्वी मी रस्त्याच्या अगदी कडेला असलेल्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो. वर पत्रे, उघड्या सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, आणि रस्त्याच्या बाजूला तीन मोठ्या खिडक्या. आपल्या भागातल्या रस्त्यांविषयी आपणांस मी काय सांगावे? शहराकडून वेरूळला जाणारा रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटाच्या दरवाजातून जातो. ज्यांनी तो दरवाजा बांधला त्यांनी हत्ती, घोडे आणि पालख्या यांचा विचार केला होता. आरामबसचा केला नव्हता. श्रावणी सोमवार असो की नाताळची सुटी, दोन्ही बाजूंनी गाड्या अडकतात आणि प्रत्येक ड्रायव्हरची अशी ठाम समजूत असते की, हॉर्न वाजवला की दगडी दरवाजा रुंद होतो.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. घरी दखनी बोलणारा, शांत, अक्षर सुरेख. पण श्रुतलेखन घेतले की त्याची वही पाहून माझे डोके फिरत असे. मी 'दार' सांगितले की तो 'गार' लिही. 'पाट' सांगितले की 'ताट'. 'कार' सांगितले की 'तार'. वाक्य सांगितले तर अर्धे लिहून शेजाऱ्याच्या वहीत डोकावे. मी अनुमान काढले की, याचे लक्ष नाही. शिक्षा म्हणून मी त्याला शेवटच्या बाकावर, खिडकीशेजारी बसवले. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'अवधान नाही. आळशी.' तो शेरा मी शाईने लिहिला.

त्याची अम्मी एकदा शाळेत आली. तिने मला फार साधा प्रश्न विचारला. "सर, घर में तो एक आवाज में सुनता. इस्कूल में आके क्या होता इसको?" मी हसलो आणि म्हणालो, "आपा, तुम्ही लाड फार करता." ती काही न बोलता निघून गेली. त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि ते शोधण्याची गरजही मला वाटली नव्हती.

त्याच वर्षी हिवाळ्यात वर्गाची सहल किल्ल्यावर गेली. आपण सर्वांनी अंधारी पाहिली आहे. खडकात कोरलेला तो वळणावळणाचा भुयारी मार्ग. आत शिरले की रस्ता, गाड्या, फेरीवाले, सगळे एकदम बंद होते, जणू कोणी कानावरून हात फिरवला. गाईड मराठीत सांगत होता, शत्रूला येथे कसे चकवीत, पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या का ठेवल्या, वगैरे. हा मुलगा त्याच्या अगदी पुढ्यात उभा होता. काळोख असा की गाईडचे तोंडही दिसत नव्हते. बाहेर आल्यावर मागे राहिलेल्या चार-पाच मुलांनी विचारले, आत काय सांगितले रे? तेव्हा या मुलाने सगळे सांगितले. मराठीत, क्रमवार, 'चकवा' आणि 'खंदक' या शब्दांसह. मी शेजारीच उभा होतो आणि मला स्वतःची लाज वाटली.

पुढे त्याच्या अब्बांनी त्याला शहरात कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाली. कान उत्तम. मग वर्गात काय होत होते?

या प्रश्नाने मला वाचायला भाग पाडले. मी विज्ञानाचा पदवीधर नाही, भाषेचा आहे. तरीही जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

कानाची तपासणी बंद, शांत खोलीत होते. तेथे एकेक सूर ऐकवतात आणि ऐकू आला की हात वर करायला सांगतात. म्हणजे शांततेत आवाज कानात शिरतो की नाही, एवढे ती तपासणी सांगते. वर्गात आवाज शिरून भागत नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, आणि तेथून सुमारे तीस हजार तंतूंची एक नस मेंदूकडे जाते. पोहोचलेल्या आवाजातून 'दा' आणि 'गा' वेगळे काढणे हे त्यापुढचे काम मेंदूचे. हा फरक उच्चाराच्या सुरुवातीला, सेकंदाच्या वीस-पंचविसाव्या हिश्शात असतो. नंतर जो लांब 'आ' येतो तो दोन्हींत एकच. स्वर मोठा, लांब, ठसठशीत. व्यंजन आखूड आणि दुबळे. आणि शब्दाचा अर्थ बहुतेक व्यंजनावर टांगलेला! 'दार' आणि 'गार' यांत दुसरे काय वेगळे आहे?

अमेरिकेत शिकागोजवळ नॉर्थवेस्टर्न नावाचे विद्यापीठ आहे. तेथे नीना क्राउस या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला. डोक्याच्या कातडीला बारीक चकत्या चिकटवायच्या, कानात 'दा' हा ध्वनी हजारो वेळा वाजवायचा, आणि मेंदूच्या देठातून उठणारी सूक्ष्म वीज टिपायची. शांततेत टिपलेली ही वीज मूळ ध्वनीशी इतकी जुळते की, ती लाऊडस्पीकरमधून वाजवली तर मूळ अक्षर बरेचसे ओळखता येते. आता त्याच 'दा'च्या मागे गोंगाट सोडला तर काय होते? स्वराचा भाग बराचसा तग धरतो. पण सुरुवातीचा, व्यंजनाचा भाग क्षीण होतो आणि उशिरा येतो. उशीर किती? सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. आपण म्हणाल, एवढ्याशा उशिराने काय बिघडते? परंतु ज्या फरकाचे सगळे आयुष्यच सेकंदाच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याचे, त्याच्या वेळापत्रकात एवढी गडबड पुष्कळ झाली.

त्यांच्याच प्रयोगशाळेतून २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पुनःपुन्हा वाचला, कारण तो मला माझ्या वर्गाविषयी वाटला. शिकण्यात अडचण असलेली मुले आणि इतर मुले, अशी तुलना होती. शांततेत दोघांच्या मेंदूंचा प्रतिसाद बराचसा सारखा. गोंगाट सोडला की अडचण असलेल्या मुलांचा प्रतिसाद अधिक ढासळला. मग संशोधकांनी एक युक्ती केली. व्यंजनाच्या आधीची शांत जागा किंचित लांबवली आणि व्यंजन जरा ठळक केले. तेव्हा गोंगाटातही त्यांचा प्रतिसाद सुधारला.

हे वाचताना मला आपल्या मकतबाची आठवण झाली. मौलवीसाहेब मुलाला हाताच्या अंतरावर पुढ्यात बसवतात, अक्षराचे मखरज, म्हणजे ते तोंडात कोठून निघते ते, दाखवतात, थांबतात, आणि मुलाकडून घटवून घेतात. चाळीस मुलांच्या कलकलाटातही ते एका वेळी एकाच मुलाचा कान धरतात, आणि हे मी पिळण्याच्या अर्थाने म्हणत नाही. आम्ही बी. एड. झालेले लोक मात्र फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून श्रुतलेखन घालतो.

मखरजाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या वर्णमालेकडेही पाहू. पहिलीच्या भिंतीवरचा तक्ता आठवा. आडव्या ओळी उच्चाराच्या जागेप्रमाणे आहेत. 'क' कंठात, 'ट' मूर्ध्याशी, 'त' दातांशी, 'प' ओठांशी. उभ्या रांगा उच्चाराच्या प्रकारानुसार. 'त' अघोष, 'द' घोष, 'न' नाकातला. १९५५ साली अमेरिकेत मिलर आणि नाइसली या दोघांनी माणसांना गोंगाटात व्यंजने ऐकवून कोण कोणाबद्दल चुकते याचे तक्ते केले. ते इंग्रजी व्यंजनांचे होते. पण निष्कर्ष आपल्या तक्त्यावर ठेवून पाहिला तर मराठीच्या शिक्षकाला चटकन उमगतो. घोष की अघोष, नाकातला की नाही, हे गोंगाटातही बराच काळ कळत राहते. आधी बुडते ती उच्चाराची जागा. म्हणजे 'त'चा 'द' सहजासहजी होत नाही. 'त'चा 'क' किंवा 'प' होतो. 'म'चा 'न' होतो. तक्त्यातल्या उभ्या रांगा टिकतात आणि आडव्या ओळी एकमेकींत मिसळतात.

हे वाचून मी कपाटातून त्या मुलाच्या जुन्या वह्या काढल्या. 'दार'चे 'गार'. 'पाट'चे 'ताट'. 'कार'चे 'तार'. एकेक चूक त्या नियमाने झालेली. आळशी मुलाच्या चुका वाटेल तशा असतात. या चुकांना शिस्त होती. तो जे ऐकत होता तेच इमानाने लिहीत होता.

आता आपण विचाराल की, त्याच वर्गात बाकीची मुले लिहीत होती ना? होय. येथेच आपल्या समाजातल्या मुलांचा प्रश्न येतो, आणि तो मला आज खास मांडायचा आहे.

रिचर्ड वॉरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एका वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी कापून काढला आणि तेथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला! खोकला कोठे आला होता, तेही त्यांना नेमके सांगता येईना. मेंदूने गाळलेली जागा आपल्या जवळच्या भांडवलातून भरून काढली होती. आपण सगळे दिवसभर हेच करतो. बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, बाजारात आपण जेवढे ऐकतो त्याहून जास्त समजतो. पण भांडवल ज्या भाषेचे असेल त्याच भाषेत हे जमते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते, त्याला 'गार वाऱ्यात दार उघडे' यातला एक ध्वनी बुडाला तरी वाक्य ठाऊक असते. दखनी घरातल्या मुलाजवळ ती शिल्लक कमी. त्याच्या घरी 'दरवाजा' असतो आणि 'थंडा' असतो. शांततेत तो दोन्ही नवे शब्द नीट टिपील. गोंगाटात गाळलेली जागा गाळलेलीच राहते. अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. घरी तो एका आवाजात ऐकत होता, कारण घरच्या भाषेत त्याला अर्धे ऐकून पुरत होते.

दुसऱ्या भाषेच्या बाबतीत हे मोजलेलेही आहे. १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, स्पॅनिश मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी येणाऱ्या लोकांचा. ज्यांनी इंग्रजी सहा वर्षांच्या आत ऐकायला सुरुवात केली होती, त्यांनी गोंगाटात चांगला टिकाव धरला. ज्यांनी चौदा वर्षांनंतर शिकली, ते गोंगाटात फार लवकर हरले. तेव्हा जे पालक म्हणतात, मराठी काय, पाचवीनंतर येईल हळूहळू, त्यांनी याचा विचार करावा. आणि जे म्हणतात, दखनी सोडा म्हणजे मराठी येईल, त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. मुलाला एक भाषा पक्की असू द्या, दुसरी लवकर कानावर पडू द्या, आणि दोन्ही स्वच्छ ऐकू द्या.

वयाचाही भाग आहे. प्रौढ माणूस गोंगाट आणि आवाज बरोबरीचे असले तरी निभावून नेतो. मुलांचे तसे नसते. गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची शक्ती साधारण तेरा-चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत पिकत असते. म्हणून वर्गासाठी असे सांगितले जाते की, शिक्षकाचा आवाज मागच्या गोंगाटापेक्षा पंधरा डेसिबलने वर असावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवलेली मर्यादा अशी की, वर्ग चालू असताना मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा. आता हिशोब करा. माझा आवाज माझ्यापासून एक मीटरवर समजा ६५ डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो सहाने उतरतो. दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३, आठ मीटरवर, म्हणजे शेवटच्या बाकावर, ४७. खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात, पण तो लडबडलेला असतो. आणि पंखा व रस्ता मिळून खिडकीशी ५५ असेल तर? शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी मी गोंगाटाच्या आठ डेसिबल खाली बुडालेला आहे. पंधरा वर असायला हवा होता. ज्याला सर्वांत जवळ बसवायचे त्याला मी सर्वांत लांब बसवले होते.

परत येणाऱ्या आवाजाविषयी एक गोष्ट सांगतो. विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. घुमटाखालच्या सज्जात एक शब्द उच्चारला की तो पुनःपुन्हा ऐकू येतो. मुले टाळ्या वाजवून खूश होतात. त्या सज्जात मला कोणी व्याकरण शिकवायला सांगितले, तर पहिला शब्द जाईपर्यंत दुसरा बोलता येणार नाही. पत्र्याचे छप्पर आणि उघड्या भिंतींचा वर्ग हा एक लहानसा गोलघुमट असतो. पाऊस आला की तोही आवाज घेतो, आणि मग शिक्षक खडू ठेवून खुर्चीत बसतो. गोंगाटात माणूस नकळत ओरडू लागतो, हे लोंबार्द नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच दाखवले होते. तो ओरडला की मुले ओरडतात, मुले ओरडली की तो अधिक ओरडतो. शाळा सुटताना आम्हा शिक्षकांचे घसे का बसलेले असतात, याचा खुलासा आपणांस यावरून होईल. (घरी मात्र आमच्या बायकांना वाटते की, नवरा रुसला आहे.)

आपण म्हणाल, सर, हे सगळे सूक्ष्म झाले. याने निकाल थोडाच बिघडतो? तर न्यूयॉर्कची एक शाळा पाहा. मॅनहॅटनमधल्या या सार्वजनिक शाळेच्या एका बाजूने उंच पुलावरून रेल्वे जात असे, साधारण दर साडेचार मिनिटांनी. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या प्राध्यापिका तेथील एका महाविद्यालयात शिकवीत. त्यांच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचे मूल त्या शाळेत होते. तिने तक्रार केली की, गाडीच्या आवाजात मुलांना शिकता येत नाही. लक्षात घ्या, तेथेही सुरुवात एका आईच्या तक्रारीपासून झाली. फरक एवढाच की, तेथील प्राध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी रुळांच्या बाजूच्या वर्गांची आणि पलीकडच्या शांत वर्गांची वाचनाची परीक्षा तपासली. १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहावीपर्यंत पोहोचता पोहोचता गोंगाटाच्या बाजूची मुले जवळजवळ एका वर्षाने मागे पडली होती. एकच शाळा, एकच अभ्यासक्रम, मध्ये एक व्हरांडा. मग रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते केली. १९८१ साली पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले सारखी वाचत होती.

उंदरांच्या पिलांवरचाही एक प्रयोग आहे, २००३ सालचा, सान फ्रान्सिस्कोचा. जन्मापासून सतत मध्यम गोंगाटात वाढवलेल्या पिलांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग वेळेवर पक्व झालाच नाही. पण गोंगाट बंद केल्यावर, उशिरा का होईना, तो पक्व होऊ लागला. उंदराचे माणसाला जसेच्या तसे लागू करू नये हे मला कळते. तरीही मालेगाव-भिवंडीच्या ज्या गल्ल्यांत खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड असते, तेथे पाळण्यातले मूल दिवसरात्र ती खटखट ऐकत मोठे होते. आमचे काही नातेवाईक मालेगावचे आहेत. तेथे मुक्काम केला की पहिल्या रात्री झोप येत नाही, आणि घरातले लोक म्हणतात, आम्हांला तर ऐकूच येत नाही. खटखट ऐकू येईनाशी होते, हे खरे. तिच्यात बुडणारे 'त' आणि 'क' मात्र बुडतच असतात.

एक अभ्यास सांगताना मी थोडा थबकतो, कारण त्याचा गैरअर्थ होऊ शकतो. २०१३ साली क्राउस बाईंच्याच गटाने शिकागोच्या किशोरवयीन मुलांविषयी लिहिले की, ज्यांच्या आईचे शिक्षण कमी त्यांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद कमी स्थिर होता, आणि शांततेतही त्यांच्या श्रवणमार्गात अधिक खळबळ होती. यात आईला दोष नाही. आईचे शिक्षण हे तेथे घरच्या परिस्थितीचे माप म्हणून घेतले आहे. गरीब वस्ती, लहान घर, रस्त्याचा आवाज, आणि मुलाशी सावकाश बोलायला कोणाला सवड नाही, असे सारे त्यात येते. ज्या अम्मी येथे मागे बसल्या आहेत, त्यांना मी सांगतो, स्वयंपाक करताना मुलाशी आपण जे बोलता ते त्याच्या कानाचे शिक्षणच आहे. फक्त त्या वेळी टीव्ही बंद ठेवा. कोणी बघत नसतानाही तो चालू असतो, हे मी घरोघरी पाहिले आहे. उन्हाळ्यात कूलर लागतो, तो बंद करा असे म्हणण्याचे धाडस मराठवाड्यात कोणी करणार नाही. पण मुलाला अभ्यासाला बसवताना कूलरच्या तोंडाशी बसवू नका.

कायदाही आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. मुंबईत सुमैरा अब्दुलअली यांनी 'आवाज फाउंडेशन'तर्फे रस्तोरस्ती, सणासुदीला, हातात यंत्र घेऊन डेसिबल मोजले आणि न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. आपल्याकडे पाटी लागते आणि पाटीखाली रिक्षा हॉर्न वाजवते. पण सगळा दोष रिक्षावाल्यावर टाकून चालणार नाही. वरात आपली, उरुसातली कव्वाली आपली, जयंतीची मिरवणूक शेजाऱ्याची, डीजे सगळ्यांचा. या एका बाबतीत सारे धर्म सख्खे भाऊ आहेत. परीक्षेच्या महिन्यात निदान शाळेकडे तोंड केलेला कर्णा उलट फिरवावा, एवढे तर आपल्या मोहल्ल्यात आपण ठरवू शकतो.

दुसरी विनंती तपासणीची. गोंगाटाचे नाव घेऊन खरे कानाचे दुखणे झाकले जाऊ नये. ज्या मुलाचा कान वाहतो, जो वारंवार 'काय?' विचारतो, त्याला आधी घाटीत कान-नाक-घसा विभागात दाखवा. मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवण यांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. हैदराबादचे सुपुत्र आणि महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. गरज पडली तर तेथपर्यंतही जावे.

आणि शाळेने काय करावे? जे आम्ही पुढे केले ते सांगतो, त्याला फारसा खर्च आला नाही. बाकांच्या पायांना जुन्या ट्यूबचे रबर बांधले. फरशीवरची करकर थांबली. मागच्या भिंतीवर दोन जुन्या सतरंज्या टांगल्या. मुख्याध्यापकांनी प्रथम विचारले, हे काय, मुशायरा आहे का? श्रुतलेखनाची तासिका बदलून सकाळी पहिली घेतली, जेव्हा रस्ता अजून जागा झालेला नसतो. शब्द सांगताना मी फळ्याकडे पाठ करतो, व्यंजनाआधी क्षणभर थांबतो आणि तोच शब्द वाक्यात घालून पुन्हा सांगतो. तो मुलगा पहिल्या बाकावर आला. त्याच्या चुका कमी झाल्या. सगळ्या गेल्या नाहीत. 'ळ' आणि 'ल' यांचा त्याचा झगडा शेवटपर्यंत चालू राहिला, आणि त्यात गोंगाटाचा काही दोष नव्हता. दहावीला मराठीत तो बेताच्या गुणांनी पास झाला. आज तो शहरात एका दुकानात हिशोब लिहितो आणि गिऱ्हाइकांशी मराठीत बोलतो. मागे भेटला तेव्हा मी त्या शेऱ्याबद्दल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, ते प्रगतिपुस्तक अम्मीने जपून ठेवलेय."

आता माझी शेवटची मागणी. येत्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, जेव्हा रस्ता भरलेला असतो, तेव्हा ज्या पालकांना सवड असेल त्यांनी माझ्या वर्गात यावे. शेवटच्या बाकावर बसावे, कागद-पेन्सिल घ्यावी आणि डोळे मिटून ऐकावे. मी वीस शब्द सांगेन. त्यांतले दहा मुद्दाम फळ्याकडे तोंड करून सांगेन. वह्या मी तपासणार नाही. आपली वही आपल्या मुलाने तपासावी, अशी व्यवस्था केली आहे.